बचावाच्या कोचच्या हाताखाली विक्रमी आक्रमण: सॅक्रामेंटो किंग्ज, २०२२-२३

मे २०२२ मध्ये एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या सॅक्रामेंटो किंग्जने माइक ब्राउनला हेड कोच नेमले, त्यामागचे कारण सगळ्यांना दिसत होते. संघाचा बचाव गळका होता आणि ब्राउनची ओळखच मुळी बचावाची. सॅन अँटोनिओत ग्रेग पोपोविचच्या हाताखाली तो शिकला, इंडियानात रिक कार्लाइलचा सहायक राहिला, आणि क्लीव्हलँडच्या ऐन तारुण्यातल्या लेब्रॉन जेम्सला घेऊन बचावाच्या जोरावर २००७ च्या अंतिम फेरीपर्यंत पोचला. असा माणूस आला की संघ गुण कमी द्यायला लागेल, एवढीच अपेक्षा.

झाले भलतेच. त्या मोसमात किंग्जचा बचाव तीस संघांत तळाच्या आठांतच रेंगाळला. आक्रमणाने मात्र दर शंभर पझेशनमागे ११८.६ गुण केले. एनबीएच्या इतिहासात तोवर कुठल्याही संघाला हे जमले नव्हते. आदल्या वर्षी ३० सामने जिंकणाऱ्या संघाने ४८ जिंकले, सलग सोळा मोसम हुकलेले प्लेऑफ, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेऱ्या, गाठले आणि ब्राउनला वर्षातला सर्वोत्तम कोच ठरवताना शंभरच्या शंभर मतदारांनी त्याचेच नाव पहिल्या क्रमांकावर लिहिले. असे एकमत त्या पुरस्काराच्या इतिहासात पहिल्यांदाच झाले.

आकड्याबद्दल थोडे सांगायला हवे. सामन्यामागे किती गुण झाले हे मोजणे फसवे असते, कारण जो संघ धावपळीचा खेळ करतो त्याला बास्केटकडे फेकायची संधीच जास्त मिळते. म्हणून चेंडू एकदा ताब्यात आल्यापासून तो सुटेपर्यंतच्या अवधीला एक पझेशन धरतात आणि शंभर पझेशनमध्ये किती गुण झाले ते पाहतात. नुसत्या सरासरीतही फरक ठळक आहे: २०२१-२२ मध्ये सामन्यामागे ११०.३ गुण, २०२२-२३ मध्ये १२०.७, लीगमध्ये सर्वाधिक. त्याच वेळी हेही खरे की त्या काळात सगळ्यांचेच आक्रमण फुगत चालले होते. आपल्या काळातल्या इतरांपेक्षा कोण किती पुढे होता, या कसोटीवर माइक डी'अँटोनीचा २००४-०५ चा फिनिक्स संघ किंग्जच्या बराच पुढे आहे. किंग्जचा विक्रमही वर्षभरच टिकला. पुढच्याच मोसमात बॉस्टनने तो मागे टाकला. तरीही तळातून एका वर्षात शिखरावर जाणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि ते घडवणारा आक्रमणातला जाणकार म्हणून ओळखला जात नव्हता, ही आणखी वेगळी.

आधीचे खोडलेले कागद

आक्रमणात ब्राउनने पूर्वी हात घातला नव्हता असे नाही. क्लीव्हलँडच्या दिवसांत त्याच्यावर नेहमीची टीका होती की याचे आक्रमण म्हणजे लेब्रॉनला चेंडू द्या आणि बाकी चौघे बाजूला व्हा. २००८-०९ मध्ये त्याने आक्रमणाची सूत्रे जॉन क्युस्टर या सहायकाकडे दिली. संघाने ६६ सामने जिंकले आणि ब्राउन पहिल्यांदा सर्वोत्तम कोच ठरला. हा तपशील पुढे उपयोगी पडणार आहे.

दुसरा प्रयत्न लॉस एंजेलिसमध्ये, लेकर्सकडे. २०१२ च्या उन्हाळ्यात संघात कोबी ब्रायंट आणि पाउ गॅसोल होतेच, त्यांत स्टीव्ह नॅश आणि ड्वाइट हॉवर्ड येऊन मिळाले. ब्राउनने या चौघांवर प्रिन्स्टन पद्धतीचे आक्रमण बसवायचे ठरवले. प्रिन्स्टन विद्यापीठात पीट कॅरिल या कोचने घडवलेली ही पद्धत. तिच्यात सेंटर, म्हणजे संघातला बहुधा सर्वांत उंच खेळाडू, बास्केटखाली न थांबता थोडा पुढे, फ्री-थ्रो रेषेच्या आसपास चेंडू घेऊन उभा राहतो. बाकीचे त्याच्याभोवतून झपाट्याने कट मारत धावतात, आणि एखादा बचावपटू पास अडवायला पुढे झुकला की त्याच्या पाठीमागून थेट बास्केटकडे धाव. कागदावर सुंदर. पण नॅशसारखा पॉइंट गार्ड, म्हणजे खेळ चालवणारा खेळाडू, आयुष्यभर चेंडू हातात ठेवून, स्क्रीन (बचावपटूची वाट अडवायला साथीदाराने आड उभे राहणे) घेऊन, समोरचा बचाव उलगडत आलेला. त्याला एक पास देऊन कोपऱ्यात जायला सांगणे म्हणजे त्याच्याकडे जे आहे तेच काढून घेणे. सरावाचे आठही सामने लेकर्स हरले. मोसम सुरू झाल्यावर नॅश दुसऱ्याच सामन्यात पाय मोडून बाहेर गेला. पाच सामन्यांत एक विजय, आणि ब्राउनची नोकरी गेली. पाच सामन्यांवर कुठल्या पद्धतीचा न्याय करू नये हे मान्य; पण पद्धत आधी ठरली आणि माणसे नंतर तिच्यात बसवली गेली, हा दोष पाच सामन्यांतही दिसत होता.

गंमत अशी की कॅरिलच्या कल्पना व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये सर्वांत देखण्या फुलल्या त्या सॅक्रामेंटोतच. रिक अॅडेलमन कोच असताना कॅरिल तिथे सहायक होता. व्लादे दिवाच आणि ख्रिस वेबर हे दोन उंच खेळाडू फ्री-थ्रो रेषेवरून असे पास द्यायचे की गार्डना हेवा वाटावा. २००१-०२ मध्ये त्या संघाने ६१ सामने जिंकले आणि पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत लेकर्सविरुद्ध सातव्या सामन्यात हरला. २००६ नंतर मात्र त्या गावाने प्लेऑफचा सामना पाहिला नाही.

लेकर्सनंतर ब्राउन पुन्हा एक वर्ष क्लीव्हलँडला कोच होता, तिथूनही गेला. मग २०१६ ते २०२२ अशी सहा वर्षे तो गोल्डन स्टेट वॉरियर्समध्ये स्टीव्ह करचा सहायक. २०१७ च्या प्लेऑफमध्ये करची पाठ दुखत असताना त्याने ११ सामने सांभाळले आणि अकराही जिंकले. तीनदा हेड कोच राहिलेल्या माणसाने चाळिशीच्या उत्तरार्धात दुसऱ्याच्या शेजारी बसून शिकायचे, हे सोपे नसते. त्या सहा वर्षांत त्याने रोज पाहिले की स्टेफ करीसारखा जगातला सर्वोत्तम नेमबाज अर्धा वेळ चेंडूशिवाय धावतो, दुसऱ्यांसाठी स्क्रीन लावतो, आणि त्याच्या त्या धावण्यानेच इतरांना मोकळी जागा मिळते.

माणसे आधी आली

किंग्जचे मालक विवेक रणदिवे हे मुंबईचे. टिब्को ही सॉफ्टवेअर कंपनी त्यांनी उभी केली, वॉरियर्समध्ये भागीदारी घेतली आणि २०१३ मध्ये ती सोडून किंग्जची सूत्रे घेतली. संघ सिअॅटलला हलवायचा घाट तेव्हा घातला गेला होता, तो त्यामुळे टळला. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीएचे भारतातले पहिले सामने झाले, ते त्यांच्याच किंग्जचे, इंडियाना पेसर्सविरुद्ध. पहिल्या सामन्यात जादा वेळेत १३२-१३१ असा निसटता पराभव, दुसऱ्यात सरळ हार. किंग्जकडे डीएरॉन फॉक्स होता आणि इंडियानाच्या चमूत डोमांतास साबोनिस. पुढे हे दोघे एकाच संघात येतील आणि त्यातून असे काही घडेल, हे त्या डोममध्ये कुणाच्या डोक्यात येण्याचे कारण नव्हते.

रणदिवे यांच्या काळात कोच टिकत नसत. नऊ वर्षांत ब्राउन सातवा. त्याच्या आधीच्या मोसमात ल्यूक वॉल्टनला सतरा सामन्यांनंतर काढले आणि उरलेले वर्ष अल्विन जेंट्रीने रेटले. त्याच वर्षी, फेब्रुवारी २०२२ मध्ये, जनरल मॅनेजर माँटी मॅकनेअरने टायरीस हॅलिबर्टन आणि बडी हील्ड यांना इंडियानाला देऊन साबोनिसला आणले. हॅलिबर्टन गावाचा लाडका होता, वयाने लहान होता, दिवसेंदिवस सुधारत होता. लोक भडकले. सौद्याची थट्टा देशभर झाली. आज मागे वळून पाहताना हॅलिबर्टन इंडियानात केवढा मोठा झाला हे माहीत असल्याने तो राग चुकीचा होता असे म्हणवत नाही. पण या प्रकरणापुरती महत्त्वाची गोष्ट एकच: ब्राउन यायच्या तीन महिने आधी साबोनिस सॅक्रामेंटोत पोचला होता.

साबोनिस हा अर्विदास साबोनिसचा मुलगा. बापाच्या पासिंगच्या कथा लिथुआनियापासून पोर्टलंडपर्यंत सांगितल्या जातात. मुलाकडे बापाची उंची नाही आणि हातही तेवढे लांब नाहीत. बास्केटचे रक्षण त्याला साधारणच जमते. दुरून तो क्वचितच फेकतो. पण अंगाने दणकट, डावखुरा, आणि फ्री-थ्रो रेषेवर चेंडू हातात घेतला की दोन्ही बाजूंना काय चालले आहे ते त्याला दिसते.

२०२२ च्या उन्हाळ्यात मॅकनेअरने त्याच्याभोवतीची माणसे भरली. अटलांटाहून केव्हिन हर्टर, सतत पळत राहून पळतापळता थ्री, म्हणजे तीन गुणांची दुरून फेक, टाकणारा. मलिक मंक, जो केंटकी विद्यापीठात फॉक्सचा जोडीदार होता. ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, चौथ्या क्रमांकावर आयोवाचा कीगन मरे. हॅरिसन बार्न्स आधीपासून होताच. मरेने पहिल्याच वर्षी २०६ थ्री मारून नवोदितांचा विक्रम मोडला, हर्टरने २०५. म्हणजे साबोनिसने वळून पाहिले की कोपऱ्यांत आणि कडेला उभा असलेला प्रत्येकजण असा, ज्याला सोडून मदतीला जायची बचावपटूला भीती वाटावी. आदल्या वर्षी ही परिस्थिती नव्हती.

हँड-ऑफची यंत्रणा

किंग्जच्या आक्रमणाचे सगळे रहस्य हर्टर आणि साबोनिस यांच्या एका साध्या क्रियेत पाहता येते, म्हणून तिच्यावर जरा थांबू.

साबोनिस थ्रीच्या रेषेच्या माथ्यावर किंवा कोपरावर, म्हणजे फ्री-थ्रो रेषेच्या टोकाला, चेंडू घेऊन उभा. हर्टर कोपऱ्यातून त्याच्याकडे धावत येतो. वाटेत बहुतेक वेळा आणखी कुणीतरी, समजा बार्न्स, हर्टरच्या बचावपटूला एक स्क्रीन लावतो. तिथेच तो बचावपटू अर्धे पाऊल मागे पडतो. हर्टर साबोनिसला घासून जातो, चेंडू त्याच्या हातून घेतो आणि साबोनिसचे रुंद अंग आपोआप दुसरी स्क्रीन बनते. आधी स्क्रीन, मग हँड-ऑफ (हातातून हातात दिलेला चेंडू), या जोडीला एनबीएच्या बोलीत ‘शिकागो’ म्हणतात.

आता बचावापुढे काय पर्याय? साबोनिसला राखणारा सेंटर सहसा मागे, बास्केटकडे सरकून उभा असतो, कारण साबोनिस दुरून फेकणार नाही हे त्याला ठाऊक आहे. इतर वेळी ती साबोनिसची उणीव. इथे तीच बचावाला नडते. सेंटर मागे असल्याने हर्टर वळसा घालून बाहेर पडतो तेव्हा त्याच्या समोर हात उंचावायला कुणीच नाही. मोकळा थ्री. सेंटर पुढे आला तर साबोनिस चेंडू देऊन बास्केटकडे वळतो, आणि सेंटरच्या मागे आता कुणी नाही. हर्टरचा बचावपटू स्क्रीनच्या मागून न येता पुढून आडवा घुसला तर हर्टर निम्म्या वाटेत दिशा बदलून पाठीमागून कट मारतो आणि साबोनिसचा जमिनीवर टप्पा घेणारा पास त्याला बास्केटखाली गाठतो. बचावपटूंनी माणसे बदलून घेतली तर साबोनिसच्या अंगावर एखादा सहा फूट चार इंचांचा गार्ड येतो, आणि मग डावखुरा साबोनिस त्याला पाठ लावून आत ढकलत नेतो. कधीकधी तो चेंडू देतोच आहे असे भासवून स्वतःकडे ठेवतो आणि उघड्या पडलेल्या बाजूने सरळ आत जातो.

यातला एकही डाव नवा नाही. डेन्व्हरमध्ये निकोला योकिच हेच खेळतो, आणि कितीतरी चांगले. ब्राउनचा प्रमुख साथीदार जॉर्डी फर्नांडेझ डेन्व्हरहूनच आला होता. नवे होते ते प्रमाण. त्या मोसमात किंग्जइतके हँड-ऑफ दुसऱ्या कुठल्याही संघाने खेळले नाहीत. एका बाजूला हँड-ऑफ फसला की चेंडू दुसऱ्या बाजूला, तिथे मरे धावत येतोय, पुन्हा तेच. बचावपटूला पंधरा सेकंदांत तीनदा एकच प्रश्न सोडवावा लागतो, आणि तिसऱ्यांदा तो दमलेला असतो.

या सगळ्यासाठी फॉक्सला बरेच सोडावे लागले. फॉक्स हा लीगमधल्या सर्वांत वेगवान खेळाडूंपैकी एक, तोवर संघाचा चेंडू बहुतांश वेळ त्याच्याच हातात. आता तो एका सेंटरकडे देऊन आपण कडेला जायचे. त्याच्यासाठी दोन जागा राखून ठेवल्या होत्या. एक, रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतरचा चेंडू) मिळताच समोरचा बचाव उभा राहायच्या आत त्याने सुसाट निघायचे. दोन, सामन्याची शेवटची पाच मिनिटे. तेव्हा बचाव घट्ट होतात, हँड-ऑफ कळून चुकलेले असतात, आणि मग चेंडू पुन्हा फॉक्सकडे येई. साबोनिसची स्क्रीन, दोन ड्रिबल, फ्री-थ्रो रेषेजवळून उडी मारून फेक. त्या वर्षी निकराच्या क्षणांतल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार एनबीएने पहिल्यांदाच दिला, तो फॉक्सला मिळाला. चेंडू कमी वेळ हातात असूनही त्याची सरासरी २५ गुणांची राहिली. साबोनिसने सामन्यामागे १९.१ गुण, लीगमध्ये सर्वाधिक १२.३ रिबाउंड आणि सेंटर असून ७.३ असिस्ट (साथीदाराला गुण मिळवून देणारे पास) केले. दोघेही ऑल-स्टार.

मग कोचने केले काय?

हा प्रश्न चेष्टेचा नाही. माणसे मॅनेजरने आणली, क्रिया जुनीच, आणि आक्रमणाची रोजची जबाबदारी ब्राउनने जे ट्रायानो या अनुभवी सहायकाकडे दिली होती. क्युस्टरच्या वेळी जे केले तेच. माझ्या मते त्याचे पहिले श्रेय इथेच आहे. ज्या विषयात आपला हातखंडा नाही तो दुसऱ्याकडे सोपवून ती व्यक्ती सांगेल त्याच्या पाठीशी उभे राहणे, हे तीनदा नोकरी गेलेल्या कोचला सहज सुचत नाही. तसा माणूस बहुधा सगळे दोर आपल्या हातात घट्ट धरून बसतो.

दुसरे, त्याने आपला सगळा अधिकार शिस्तीच्या बाजूने खर्च केला. पळायचे म्हणजे पळायचेच, समोरच्या संघाने बास्केट केली तरी. कोपऱ्यात उभे राहायचे तर रेषेला चिकटून, दोन पावले आत नाही, कारण त्या दोन पावलांनी आतली वाट बुजते. ज्याला हे जमत नाही तो बाकावर. कुणाचे चुकले तर पत्रकारांसमोर नाव घेऊन सांगायलाही त्याने मागेपुढे पाहिले नाही. ही सवय पुढे त्याला महाग पडली असावी, पण पहिल्या वर्षी गावाला ती हवी होती. सोळा वर्षे त्या संघात कुणी कुणाला जाब विचारलेला नव्हता.

आणि शिस्तीचे बक्षीस मात्र तो बचावाला देई. सामना जिंकला की त्या दिवशीच्या सर्वोत्तम बचावपटूच्या गळ्यात ड्रेसिंग रूममध्ये एक भलीमोठी साखळी. लीगमधले सर्वोत्तम आक्रमण करणारा संघ, आणि हार बचावपटूच्या गळ्यात! मला यात विसंगती वाटत नाही. गुण करण्याचा आनंद खेळाडूंना कोचने शिकवावा लागत नाही. जे कष्टाचे आणि कुणाच्या नजरेत न भरणारे, ते कोचने उचलून धरावे लागते.

सुरुवात वाईट झाली होती. पहिले चारही सामने गेले आणि सॅक्रामेंटोच्या लोकांना हे चित्र चांगलेच ओळखीचे होते. पण नोव्हेंबरमध्ये सलग सात विजय आले. प्रत्येक विजयानंतर गोल्डन वन सेंटर या घरच्या स्टेडियमच्या छतावरून जांभळ्या लेझरचा झोत आकाशात सोडायची प्रथा त्याच मोसमात सुरू झाली होती. बघताबघता ‘लाइट द बीम’ ही आरोळी गावाची झाली. प्रेक्षक गायीच्या गळ्यातल्या घंटा घेऊन येतात, हे तिथले जुने वेड. लेकर्सचा तेव्हाचा कोच फिल जॅक्सन याने या गावाला एकदा गुराख्यांचे म्हणून हिणवले होते, त्याचे ते उत्तर.

२४ फेब्रुवारी २०२३ ला क्लिपर्सविरुद्धचा सामना दोनदा जादा वेळेत गेला आणि किंग्जने तो १७६-१७५ असा जिंकला. मंकचे ४५ गुण, फॉक्सचे ४२. एनबीएच्या इतिहासात याहून जास्त गुणांचा सामना एकच, १९८३ मधला डेट्रॉइट विरुद्ध डेन्व्हर. बचावाचा कोच म्हणून आणलेल्या माणसाच्या संघाने १७५ गुण दिले आणि तरी जिंकला. या मोसमाबद्दल याहून नेमके काही सांगता येणार नाही. २९ मार्चला पोर्टलंडला ४० गुणांनी हरवून प्लेऑफ नक्की झाले.

जिथे अडले

पहिल्या फेरीत समोर वॉरियर्स. ब्राउनचे जुने घर. किंग्जने घरचे पहिले दोन्ही सामने जिंकले आणि मालिका सातव्या सामन्यापर्यंत नेली. तिथे करीने ५० गुण केले, सातव्या सामन्यात तोवर कुणी केले नव्हते इतके, आणि वॉरियर्स २० गुणांनी जिंकले. फॉक्स चौथ्या सामन्यात डाव्या हाताच्या तर्जनीचे टोक मोडून घेऊनही खेळत राहिला.

करीचे ५० गुण लक्षात राहतात, पण अभ्यासाला मालिकेचा दुसरा भाग जास्त उपयोगी. स्टीव्ह करला ब्राउनचे मन माहीत होते. केव्हॉन लूनीने साबोनिसला दुरून फेकायला सरळ मोकळीक दिली. तो आणखी मागे, जवळजवळ बास्केटखाली उभा राहिला, आणि हर्टरच्या मागे धावणाऱ्यांनी त्याला अंगाला चिकटून छळले. नियमित मोसमात अशा वेळी हर्टर एखादा अवघड थ्री टाकून बचावाला पुढे ओढत असे. या मालिकेत त्याचे नेम हुकत गेले. साबोनिस मोकळा उभा राहून विचार करताना दिसू लागला. सात सामने एकाच संघाशी खेळायचे म्हटले की एका क्रियेवरची सगळी तयारी करायला समोरच्याला वेळ मिळतो. ८२ सामन्यांच्या मोसमात तो मिळत नाही, कारण उद्या दुसरे गाव आणि दुसरा संघ असतो.

पुढच्या वर्षी सगळ्यांनीच तयारी केली. २०२३-२४ मध्ये किंग्ज जवळजवळ तीच माणसे घेऊन उतरले. साबोनिसवर सेंटरऐवजी चपळ फॉरवर्ड घातले जाऊ लागले, म्हणजे हँड-ऑफवर माणसे बदलता येतील. हर्टरचा नेम उतरला, मग खांद्याची शस्त्रक्रिया. मंकही मोसमाच्या शेवटी गुडघ्याने बाहेर. लीगमधले पहिल्या क्रमांकाचे आक्रमण मधल्या फळीत आले. बचाव मात्र दहा-एक जागांनी सुधारून तोही मध्यावर. म्हणजे ब्राउनला ज्या कामासाठी आणले होते ते दुसऱ्या वर्षी झाले. विजय ४६, आधीपेक्षा फक्त दोन कमी, पण पश्चिमेतली स्पर्धा एवढी वाढली होती की स्थान नववे. प्ले-इनमध्ये, म्हणजे प्लेऑफआधीच्या पात्रता सामन्यांत, वॉरियर्सना हरवून जुना हिशेब चुकता केला आणि पुढच्याच सामन्यात न्यू ऑर्लिअन्सकडून हरून प्लेऑफ हुकले. त्याच मोसमात मिल्वॉकीतल्या पराभवानंतर ब्राउन पत्रकार परिषदेत चक्क लॅपटॉप घेऊन आला आणि पंचांचे निर्णय व्हिडिओवर दाखवू लागला. त्याचा दंड ५० हजार डॉलर.

इथे एक निर्णय मला आजही पटत नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात किंग्जने डीमार डीरोझनला आणले. मोठा खेळाडू, गुण करण्यात वाकबगार. पण त्याचा खेळ मधल्या अंतरावरचा, चेंडू हातात घेऊन, संथ, बचावपटूला जोखत. थ्री तो टाळतो. आणि त्याला जागा देण्यासाठी बार्न्स, कोपऱ्यात मुकाट उभा राहून वाट मोकळी ठेवणारा, सॅन अँटोनिओला गेला. हँड-ऑफचे यंत्र ज्या रिकाम्या जागेवर चालत होते तीच जागा भरून टाकली. कोचने याला किती विरोध केला, किती संमती दिली, हे बाहेरून कळायला मार्ग नाही; पण मैदानावर डिसेंबरपर्यंत फॉक्स, डीरोझन आणि साबोनिस एकमेकांच्या पायांत येताना दिसत होते.

२६ डिसेंबर २०२४ ला घरच्या मैदानावर डेट्रॉइटविरुद्ध शेवटच्या सेकंदांत फॉक्सने थ्री फेकणाऱ्या जेडन आयव्हीला फाउल केले. थ्री बास्केटमध्ये पडला, फाउलबद्दलचा फ्री-थ्रोही पडला, आणि सामना एका गुणाने हातचा गेला. सलग पाचवा पराभव. ब्राउनने नेहमीप्रमाणे त्या चुकीबद्दल उघड बोलून दाखवले. दुसऱ्या दिवशी त्याला काढले. तेव्हा संघ १३ विजय, १८ पराभव असा होता, आणि सहा महिन्यांपूर्वीच रणदिवे यांच्या संघाने त्याचा करार २०२६-२७ पर्यंत वाढवला होता.

फेब्रुवारी २०२५ च्या एकाच सौद्यात फॉक्स सॅन अँटोनिओला आणि हर्टर शिकागोला गेला. साबोनिस राहिला. त्याच्याकडे धावत येणारे मात्र आता तेवढे कुणी नव्हते. ब्राउनला जुलै २०२५ मध्ये न्यू यॉर्क निक्सने घेतले. तिथे आधीचा कोच टॉम थिबोडो याचा संघ जेलन ब्रन्सनच्या हातातल्या चेंडूवर फार अवलंबून आहे, अशी तक्रार होती. म्हणजे या वेळी बचावाच्या या कोचला नोकरी मिळाली ती आक्रमण मोकळे करण्यासाठी.